तळपायावर टिचकी

माझ्या छातीचा जगाला काही उपयोग होईल, असं मला साठी ओलांडेपर्यंत वाटलं नव्हतं. पोलीस भरतीत ती फुगवूनही कमी भरली. मोठ्या सरकारी स्टील प्लांटच्या भरतीत मोजायची वेळच आली नाही, लेखी परीक्षेतच मी दोनदा आपटलो. माझे वडील भंडाऱ्याकडून हद्द ओलांडून इकडं दुर्ग-रायपूरच्या पट्ट्यात येऊन त्याच प्लांटात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मी मात्र जामुलच्या रस्त्यावरच्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये गॅसच्या पॅनलसमोर बसून केस पांढरे केले. ती मिल आता बंद आहे, पाटीसुद्धा भंगारात गेली. अशा या माणसाला पावर हाउस भागातल्या बाजारामागच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात सिस्टरनं खुर्चीत बसवलं, शर्ट काढायला लावला, आणि छातीकडे बघून म्हणाली, "कका, ये जंगल नइ चलय. साफ करके आव."

घरी येऊन मी दाढीच्या रेझरनं छाती भादरली. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"इतकी वर्सं सांगून राहिली का थोडे नीटनेटके राहा," ती म्हणाली. "तवा आयकलं नाई. आता नातीसाठी चिकने झाले."

"तुझ्यासाठी केलं असतं तर तू म्हटलं असतं, कोनासाठी करून राहिले?"

"म्हटलंच असतं जी," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्या दिवसांत आमच्या घरी असंच होतं. चेष्टा सुरू व्हायची आणि मधेच कुठंतरी ती फाटायची.

आमच्या मुलीचं बीपी सातव्या महिन्यात इतकं चढलं की पोट कापून पोर बाहेर काढावं लागलं. त्याआधीचं एक तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गेलं होतं. हे दुसरं जिवंत निघालं, मुलगी, वजनाला साखरेच्या पुड्यापेक्षा जरा जड. सुरुवातीचे आठवडे ती काचेच्या पेटीत होती. मग थोडी भरली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता तिला माणसाच्या उघड्या छातीला लावून ठेवायचं, कांगारूसारखं. अंगाची ऊब लागते, छातीची धडधड लागते. मुलीला टाक्यांमुळे आणि बीपीमुळे फार वेळ बसता येत नव्हतं. जावई रायपूरच्या पलीकडं रायगढला नोकरीला, रविवारी येणार. बायकोच्या अंगावर उन्हाळ्याचं पुरळ. उरलो मी. रिटायर झाल्यावर मला नोकरी लागली, कांगारूची. तंबाखूचा खर्रा सोडायची अट होती. मी सोडला, म्हणजे खरंच सोडला. पहिले काही दिवस पोरीपेक्षा माझेच हात जास्त थरथरत होते.

पोरीचं नाव ठेवलं नव्हतं. सिस्टर दुर्गकडची, ती तिला नोनी म्हणायची, त्या बाजूला लहान मुलीला म्हणतात तसं. मग आम्हीही नोनीच म्हणू लागलो.

नोनीचा एकच प्रश्न होता. ती श्वास घ्यायचं विसरायची.

म्हणजे छाती पक्ष्यासारखी भराभर हलत असायची आणि एकदम थांबायची. रडणं नाही, धडपड नाही. पायाला लावलेल्या क्लिपचं मशीन आकडा खाली खाली दाखवायचं आणि मग कोकलायचं. सिस्टर धावत यायची, तळपायावर बोटानं टिचकी मारायची, टप्. नोनी दचकायची आणि श्वास पुन्हा सुरू. एवढंच. पण ती टिचकी मारायला कोणी नसेल तर, हे आम्ही घरात कोणी मोठ्यानं बोललो नाही.

"ती विसरते कावून?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या रायपूरच्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या, पण मराठी कळायचं. माझ्याकडं वेळच वेळ आहे हे बघून त्या बिचाऱ्या स्टुलावर बसल्या आणि स्वतःच्या मानेमागं, कवटी टेकते तिथं बोट लावून दाखवलं. इथं मेंदूचा देठ असतो. माणूस हवा कमी पडली म्हणून श्वास घेतो असं आपल्याला वाटतं, पण रोजचा श्वास त्याच्यावर चालत नाही. रक्तात वापरलेली, जळकी हवा साचते, कार्बन डायऑक्साइड, आणि त्या देठातल्या काही पेशींना तिची चव लागते. चव लागली की त्या एक रसायन सोडतात. ते शेजारच्या पेशींना जाऊन सांगतं, ओढ. त्या पेशी पुढं हुकूम देतात, पोट आणि छातीमधला पडदा खाली जातो, हवा आत येते. मग ते रसायन तुटतं, आणि तुटून जे उरतं ते उलटं सांगतं, पुरे, हळू. दिवस भरलेल्या मुलात दोन्हींचा मेळ बसलेला असतो. लवकर आलेल्या मुलात 'ओढ' कमजोर आणि 'पुरे' जोरात.

"मग औषध?"

"कॅफीन," त्या म्हणाल्या. "कॉफीत असतं ते. 'पुरे' म्हणणाऱ्याला जिथं बसायचं असतं ती जागा ते अडवून ठेवतं."

"म्हणजे चहात असतं तेच?"

"तेच. पण तुम्ही चहा पाजू नका."

त्यांना माझी पारख झाली होती.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की नातीला दुधाआधी चहाची लत लागली, आपल्याच घरची आहे, शंका नको. मग बाथरूममध्ये दार लावून श्वास रोखून पाहिला, ही जळक्या हवेची चव कशी लागते ते बघायला. चव काही लागली नाही, डोळ्यांपुढं काजवे आले आणि बादलीवर आदळलो. बायकोनं बाहेरून विचारलं, "काय पाडलं?" मी म्हटलं, "काई नाई, देठ तपासून राहिलो."

पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला फार पटकन कळलं, आणि सगळी गडबड तिथंच झाली. आमच्या मिलमध्ये भट्टीला गॅस लागायचा, तो विषारी. भिंतीवर नाकासारखा डबा बसवलेला. त्याला गॅसचा वास लागला की तो पॅनलला सिग्नल द्यायचा, पॅनल पंख्याला. नाक, निरोप, पंखा. मी आयुष्यभर नोनीच्या मेंदूच्या देठातच बसलो होतो म्हणा ना. तो डबा ओल लागली तरी कोकलायचा, उंदीर गेला तरी कोकलायचा. आम्ही पॅनलवरचं एक लाल बटण दाबायचो की आवाज बंद. त्याला आम्ही चूप बटण म्हणायचो. दिवसातून इतक्यांदा दाबायचो की बोट आधी जायचं आणि डोळे नंतर.

मिलच्या गेटवर एक काळा फळा होता. 'अपघाताशिवाय गेलेले दिवस' असं वर रंगवलेलं आणि खाली खडूनं आकडा. आकडा मोठा झाला की सगळ्यांना स्टीलचा टिफिन मिळायचा. काही झालं की आकडा शून्य. म्हणून काही होतच नसे. बोट भाजलं तर माणूस ते खिशात घालून घरी जायचा. एकदा माझ्याच पाळीत एका हेल्परला गॅस लागला, तो पाय मोडल्यासारखा खाली बसला. आम्ही त्याला उचलून निंबाखाली ठेवलं, तोंडावर पाणी मारलं, गोड चहा पाजला. संध्याकाळपर्यंत तो हसायला लागला. फळ्यावरचा आकडा वाचला. टिफिन माझ्याकडं अजून आहे, झाकण घट्ट बसतं.

हे का सांगतोय ते पुढं येतंच.

नोनी जरा मोठी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कॅफीन बंद केलं. आता परीक्षा. औषधाशिवाय आठवडाभर एकदाही श्वास थांबला नाही तर घरी. थांबला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हे ऐकून मुलीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं. ती तोवर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून भिंतीकडे बघायची. कोणी काही विचारलं तर "हाव" म्हणायची, नाहीतर तेही नाही. त्या दिवशी तिनं आईला विचारलं, "पाळना धुतला का ओ?" बायकोनं आमच्या कुरुदच्या घरी जाऊन पाळण्याची दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. जावयानं साहेबाकडं सुट्टी मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोनी माझ्या छातीवर होती. पडदा ओढलेला, पलीकडं सिस्टर दुसऱ्या बाळाला नळीनं दूध देत होती. मला छातीवरचं ते इवलंसं वजन हलायचं थांबल्यासारखं वाटलं. मशीन कोकललं. माझं बोट गेलं. आधी मशीनच्या बटणावर, घंटीवर काट मारलेलं चित्र होतं त्यावर, मग नोनीच्या तळपायावर. टप्. ती दचकली, श्वास घेतला.

"का होगे कका?" सिस्टरनं पडद्याआडून विचारलं.

"काई नाई. वायर निघाली होती."

वायर नेहमीच निघायची. तिनं विश्वास ठेवला. तिच्या हाताखाली पाच-सहा मुलं होती, आणि मी तिचा लाडका कांगारू होतो.

मी स्वतःला सांगितलं की हे काही मोजण्यासारखं नाही. एक क्षणभर. टिचकी मारली, झालं. यासाठी पोरीच्या आईला पुन्हा बाकावर बसवायचं का? आणि खरं सांगायचं तर मला माझ्या बोटाचं कौतुकही वाटलं. सिस्टर येईस्तोवर मी काम फत्ते केलं होतं. रिटायर झालो तरी हात चालतो.

तिसऱ्या दिवशी एकदा झालं. चौथ्या दिवशी सकाळपासून होत राहिलं, रात्रीही मी तिला छातीवरून उतरवलं नाही. वायर निघाली, क्लिप सरकली, मीच हललो. खोटं बोलायला मी मिलमध्ये शिकलेलोच होतो. मधे मुलगी येऊन बसायची तेव्हा मीच म्हणायचो, "तू पड जा, बीपी वाढते. मी हावो ना." ती जायची. जाताना नोनीच्या डोक्यावर ओठ टेकवायची आणि म्हणायची, "बाबा, तुमच्याजवळ लय शांत राहते जी ही."

शांत तर होतीच. दूध ओढायची ती मधेच सोडून द्यायची. अंग सैल पडलेलं. मला वाटलं, झोपाळू आहे, माझ्यावर गेली.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगी लंगोट बदलायला म्हणून वाकली. नोनीचा पाय हातात धरला आणि तशीच राहिली.

"बाबा, हिचा तळपाय लाल कावून आहे?"

मी म्हटलं, "क्लिपचं असन."

"क्लिप या पायाला आहे. लाल हा आहे." तिनं पाय उजेडाकडं वळवला. नखाएवढ्या जागेत कातडी लालभडक झालेली, कडेला निळसर. "तुमी टिचक्या मारून राहिले का?"

माझी छाती उघडी होती, भादरलेली, एखाद्या सोललेल्या कोंबडीसारखी. तशा अवस्थेत माणसाला खोटंही नीट बोलता येत नाही.

"किती डाव?"

"अगं, थोडं थोडं... लगेच घेते ती श्वास..."

"बाबा, किती डाव?"

मला सांगता येईना, कारण मी मोजलंच नव्हतं. मोजायचं नाही म्हणूनच तर सगळा खटाटोप होता.

ती ओरडली नाही. नोनीला माझ्या छातीवरून उचलून घेतलं आणि टाके असलेलं पोट एका हातानं दाबत, पडदा खांद्यानं सारत सिस्टरकडं गेली. तेवढ्यात, तिच्या हातातच, नोनी पुन्हा थांबली. या वेळी सिस्टरनं टिचकी मारली, पाठ चोळली, पुन्हा टिचकी मारली. नोनी उठली नाही. सिस्टरनं तिला टेबलावर ठेवून तोंडावर मास्क धरला आणि हातातला फुगा दाबायला लागली. फुग्याचा तो आवाज, फुस्, फुस्, आणि मधे माझ्या मुलीचा स्वतःचाच श्वास अडकल्यासारखा आवाज.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा नोनीच्या तोंडात नळी जात होती. त्यांनी माझ्याकडं वळून एकच विचारलं, "कधीपासून?"

मी मुलीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"परवाच्याही आदल्या दिवशी एक," मी म्हटलं. "परवा एक. काल सकाळपासून लय."

"काल सकाळपासून," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. सिस्टरला इंजेक्शनं सांगितली, रक्त काढायला सांगितलं, आणि काम करता करताच बोलत राहिल्या, कोणाला सांगत होत्या कोण जाणे. रक्तात संसर्ग झाला की शरीर लढताना स्वतःच एक रसायन तयार करतं. ते मेंदूच्या देठापर्यंत पोचलं की श्वासाचा हुकूम दबतो. ताप येण्याआधी, अंग गार पडण्याआधी, कधीकधी तेवढीच एक खूण मिळते. श्वास जास्त वेळा थांबायला लागतो.

"आम्ही त्याचीच तर वाट बघत असतो, अंकल," त्या म्हणाल्या.

अंकल. त्याआधी त्या मला दादाजी म्हणायच्या.

नोनी मशीनवर होती ते दिवस मी कॉरिडॉरमधल्या त्याच बाकावर काढले, मुलगी बसायची त्यावर. आत जायला मला कोणी मनाई केली नव्हती. मी गेलो नाही. आत मशीन श्वास घेत होतं, नोनीच्या छातीनं फक्त होकार द्यायचा होता. बायको डबा घेऊन यायची. एकदा घाईत तिनं भाजी त्या टिफिनमध्ये आणली, मिलच्या. मी झाकण उघडलंच नाही. तिला वाटलं जेवण जात नाही.

"खाऊन घ्या जी," ती म्हणाली. "तुमी उपाशी राहिले तर ती काय लवकर बरी होईन?"

"ती मले दादाजी म्हनत होती," मी म्हटलं.

"कोन?"

"डॉक्टरीन."

बायको म्हणाली, "तुमाले त्याचं पडलं आहे?" आणि टिफिन उचलून आत मुलीकडं घेऊन गेली.

एका सकाळी सिस्टर बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. तिला माझ्यावर रागवायचा पुरा हक्क होता, वायरची थाप तिच्याच गळ्यात मारली होती मी. म्हणाली, "कका, नोनी अपन ले सांस लेवत हे." आपली आपण श्वास घेतेय. मी उठलो. आत काचेतून बघितलं तर मुलीचा हात पेटीच्या गोल खिडकीतून आत गेलेला आणि नोनीचा पाय तिच्या मुठीत.

कॅफीन पुन्हा सुरू झालं. मग पुन्हा बंद झालं. पुन्हा आठवडा. या वेळी छातीवर मुलगीच घ्यायची, थोडा थोडा वेळ, टाके दुखले तरी. तिसऱ्या दिवशी एकदा श्वास थांबला. मुलीनं स्वतः सिस्टरला हाक मारून सांगितलं आणि मोजणी पहिल्यापासून झाली. ती कॉरिडॉरमध्ये येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "थांबला," म्हणाली. "सांगून दिलं मी." एवढं बोलून आत गेली. जावयाची सुट्टी संपून गेली होती.

घरी न्यायचा दिवस आला तेव्हा मुलगी नोनीला घेऊन कुरुदला आली नाही. दवाखान्यातूनच गाडी करून सरळ रायगढला. बायकोनं पाळण्याला झालर लावली होती, ती तशीच राहिली. पुढं एकदा मी ती झालर काढून धुवायला घेतली तर बायको म्हणाली, "राहू द्या. तुमी काई करू नका."

नोनी आता चालते. उशिरा चालली, पण चालते. उजव्या बाजूनं हाक मारली तर वळत नाही. रायपूरला कानाची तपासणी झाली. लवकर जन्मल्यामुळं असेल, त्या संसर्गामुळं असेल, त्या इंजेक्शनांमुळं असेल, कशानंही असेल, असं सांगितलं. मी लपवलेल्या त्या दीड दिवसाचं कोणी नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणाले असते आणि तेवढं ऐकून मी स्वतःला सोडवून घेतलं असतं, म्हणून विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही रायगढला जातो. मुलगी जेवायला वाढते, बीपीची गोळी घेतली का विचारते, माझ्या गमतीजमतींना जिथं हसायचं तिथं हसते. बाथरूममधल्या बादलीचा किस्सा मी पाहुण्यांपुढं रंगवून सांगितला तर तीही हसली. दुपारी नोनीला झोप आली की ती माझ्या मांडीवर देते. "घ्या बाबा," म्हणते, "तुमच्याजवळ शांत झोपते."

नोनी झोपते. मी तिच्या पोटाकडं बघत बसतो, वर, खाली. मुलगी तिथंच, जमिनीवर भाजी निवडत बसते, उजव्या हातानं. डावा हात माझ्या मांडीवर असतो, नोनीचा तळपाय मुठीत धरून. नोनी उठेपर्यंत ती मूठ सोडत नाही.